पाचवा 'का'

हामामात्सुच्या त्या कारखान्यात
काही बिघडलं की पाच वेळा 'का' विचारायचं.
फॉर्मवर पाच चौकोन छापलेले,
एकाखाली एक, विहिरीच्या पायऱ्यांसारखे,
तळाशी पाणी असेलच या भरवशावर.

आज खुर्चीत जुरांदिर.
उजवी तर्जनी पांढऱ्या पट्टीत,
तिचं शेवटचं पेर आता नाही.
समोर कुवाबारासान, टोक काढलेली पेन्सिल,
आणि टेबलाच्या ना या, ना त्या बाजूला
इवोने नाकाझातो.
आजोबा ओकिनावाहून बोटीनं ब्राझीलला गेले,
ही विमानानं उलटी आली.
तिथं हिला जपानी म्हणायचे, इथं ब्राझीलची म्हणतात.
मुख्यालयाच्या वार्षिक अंकात फोटो आला होता,
खाली दोन शब्द: 'आमचा पूल'.
तो अंक तिनं कपाटाच्या डगमगत्या पायाखाली घातला.

पहिला का.
जपानीत तो साधा, पान उलटल्यासारखा.
पोर्तुगीजमध्ये तसाच ठेवला
तर पोलीस चौकीतला वाटतो.
मराठी असती तर इवोने 'का बरं' म्हणाली असती;
त्या 'बरं'मध्ये पाठीवर ठेवलेला हात असतो.
असा हात ती दुसऱ्या भाषेत शोधते,
"काय झालं, सांग ना."

"सेन्सरवर टेप चिकटवली मी."

दुसरा.
"उगाच ओरडायचा तो. दर चौथ्या तुकड्याला मशीन बंद.
आकडा काय माझा बाप भरणार?"
ती जपानीत सांगते,
'उद्दिष्ट गाठण्याची त्याला काळजी होती.'

अठरा वर्षं हेच.
शिव्यांची सालं काढायची.
कुवाबारासान दातांतून हवा आत ओढतात, स्स्स,
त्या हवेचं 'नाही' करून पलीकडं द्यायचं.
'विचार करू'चंही तेच;
आपलं 'बघू' ज्यानं आयुष्यभर ऐकलंय
त्याला हे वेगळं सांगायला नको.

तिसरा. उगाच का ओरडायचा?
"काच तेलानं माखते. पुसली की पुन्हा. नळी गळते."

चौथा. मग कळवलं का नाही?

जुरांदिर हसतो. हसता हसता थांबतो.
इवोनेकडं बघतो, पहिल्यांदाच तिच्याकडं,
तिच्या आरपार पलीकडं नाही.
"कळवलं होतं. मार्चमध्ये. तूच होतीस.
म्हणालो होतो, हे मशीन कुणाचा तरी हात खाणार."

इवोनेला मार्च आठवतो.
पाहुणे, ऑडिट,
भिंतींसोबत माणसांनाही रंग दिल्यासारखी शांतता.
ती म्हणाली होती,
'सात नंबरकडं सवडीनं एकदा पाहिलं तर बरं.'

तेच बरं.

पेन्सिल चौथ्या चौकोनावर थांबलेली.
तिच्या जिभेवर वाक्यं येतात,
सगळी गुळगुळीत,
दोन्हीकडं चालतील अशी, सरावाची.
ती गिळते.
"त्यानं कळवलं होतं. मी ते मऊ केलं."
आणि मार्चमधलं वाक्य
चार महिने उशिरा
हाडासकट टेबलावर ठेवते.

स्स्स होत नाही.
बाहेर मागं येणारी फोर्कलिफ्ट
आपली खेळण्यातली धून वाजवत राहते.
कुवाबारासान पाचव्या चौकोनाशी पोचतात.
का?
हा कुणाला विचारलाय ते बराच वेळ कळत नाही.
मार्चमध्ये तेही तिथंच उभे होते,
'सवडीनं' ऐकून
त्यांना हायसं वाटलं होतं.

पाचवा चौकोन कोराच गेला वर.

दुसऱ्या दिवशी सात नंबर बंद.
त्यावर कागद, दोन लिप्यांत,
इवोनेचं जरा तिरकं अक्षर.
हेल्मेट घालून वाकणारा नेहमीचा छापील माणूस नाही,
क्षमस्व नाही, कृपया नाही:
हे मशीन हात खातं.